बहावा बियांपासून कसा वाढवायचा: शेंग निवडण्यापासून पहिल्या फुलापर्यंत सगळं सविस्तर

एप्रिल-मे मध्ये बहावा फुलला की दरवर्षी तेच होतं. लोक झाडाखालची शेंग उचलून घरी आणतात, फोडतात, बी कुंडीत टाकतात, दोन महिने इमानदारीत पाणी घालतात आणि मग म्हणतात की बी खराब होतं. बी खराब नसतं हो, त्याच्या आत पाणीच शिरलेलं नसतं. आणि ज्यांचं उगवतं त्यातले अर्धे लोक रोप वर्ष-दीड वर्ष त्याच छोट्या पिशवीत ठेवतात, खाली सोटमूळ गोल गोल फिरून बसतं आणि मग जमिनीत लावलं तरी झाड वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. बहाव्याचं गणित या दोन गोष्टींवर आहे, बीचं टरफल आणि सोटमूळ. बाकी झाड काटक आहे, एकदा लागलं की फार लाड मागत नाही.

म्हणून खाली क्रमाने लिहितोय. कृपा करून क्रम बदलू नका, कारण बऱ्याच चुका घाईत मधली पायरी गाळल्यामुळेच होतात.

आधी वेळेचा हिशोब

शेंगा गोळा करणं फेब्रुवारी ते एप्रिल, बी पेरणं मार्च-एप्रिल, पावसाळाभर रोप पिशवीत, मधे हिवाळा, एप्रिल-मे मध्ये खड्डा, आणि पुढच्या जून-जुलैमध्ये जमिनीत लावणी. म्हणजे साधारण सव्वा वर्ष. त्याच पावसाळ्यात लावायची घाई बरेच जण करतात पण तीन महिन्यांचं वीतभर रोप शेळ्या, गवत आणि पहिला उन्हाळा या तिघांपुढे टिकत नाही. हां, जागा तुमच्याच कुंपणात असेल आणि रोज नजर राहणार असेल तर वेगळा मार्ग आहे, तो पायरी ४ मध्ये सांगतो.

पायरी १: शेंग निवडणं

यंदाच्या फुलांची शेंग यंदा पिकत नाही हे आधी समजून घ्या. मे मध्ये फूल, मग हिरवी लांब शेंग, आणि ती काळी होईपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडतो. त्यामुळे झाडावर पिवळी फुलं आणि काळ्या शेंगा एकाच वेळी दिसतात. त्या काळ्या शेंगा आपल्या कामाच्या.

शेंग पूर्ण काळी किंवा गडद तपकिरी हवी, कुठेही हिरवट झाक नको. कानाशी धरून हलवायची, बऱ्याच पिकलेल्या शेंगांत आतलं बी खुळखुळतं. खुळखुळलं नाही म्हणजे शेंग वाईट असं मात्र नाही, गर ओला असला की आवाज येत नाही.

शेंगेवर बारीक गोल भोकं दिसली तर ती सोडून द्या, आत कीड जाऊन आलेली असते. जमिनीवर पडलेली चालते, पण पावसात भिजून बुरशी धरलेली नको. आणि एकाच झाडाच्या शेंगा घेण्यापेक्षा तीन-चार झाडांच्या घ्या, एखाद्या झाडाचं बी पोकळ निघालं तर सगळी मेहनत वाया जात नाही.

पायरी २: बी बाहेर काढणं

फूट-दीड फूट लांबीची शेंग असते आणि आत पातळ चकत्यांचे पडदे असतात, प्रत्येक दोन पडद्यांच्या मधे काळ्या चिकट गरात एक बी. चाकूने कापत बसू नका, हात कापतो. शेंग जुन्या पेपरवर आडवी ठेवायची आणि बत्त्याने किंवा हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे, कवच लांबीत तडकतं. मग सगळं बादलीत पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी काळंकुट्ट झालेलं असेल, गर सैल झालेला असेल, मूठभर वाळू टाकून चोळायचं आणि दोन-तीन पाण्यात धुवायचं. चपटं, लालसर तपकिरी, चकचकीत बी हाताला लागलं की झालं.

धुताना जे बी तरंगतं ते फेकून द्या.

*सावधान:* हा गर गोडसर असतो आणि जोरदार रेचक आहे. मुलं मदतीला बसली असतील तर चाटायला देऊ नका, हात साबणाने धुवा. धुतलेलं पाणी कुत्र्या-मांजराच्या भांड्याजवळ ओतू नका.

गर न काढता बी पेरायचं नाही. त्या गोडव्याला मुंग्या येतात, बुरशी येते, आणि बी उगवण्याआधीच सडायला लागतं. लगेच पेरायचं नसेल तर सावलीत चार-पाच दिवस वाळवून बाटलीत भरून ठेवा. टरफल कडक असल्यामुळे हे बी पुढची काही वर्षंसुद्धा टिकतं.

पायरी ३: टरफलाचा बंदोबस्त (इथेच सगळे चुकतात)

बहाव्याच्या बीचं टरफल पाणी आत घेत नाही. नुसतं साध्या पाण्यात आठवडाभर ठेवलं तरी बहुतेक बिया जशाच्या तशा राहतात. जंगलात अस्वलं, कोल्हे, माकडं गर खातात, बी पोटातून फिरून बाहेर पडतं, ऊन-पाऊस खातं आणि मग हळूहळू टरफल झिजून सवडीने उगवतं. आपल्याला तेच काम एका दिवसात करायचंय. दोन पद्धती आहेत.

पहिली, नेलकटरची. दहा-वीस-पन्नास बिया असतील तर हीच करा, माझ्या मते याच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. बी नीट बघा, एक टोक थोडं निमुळतं असतं आणि तिथे बारीक खूण असते जिथून बी शेंगेला चिकटलेलं होतं. अंकुर त्या बाजूने येतो, म्हणून तिकडे हात लावायचा नाही. त्याच्या विरुद्ध बाजूच्या रुंद कडेला नेलकटरने अगदी छोटा टवका काढायचा, आतला पांढुरका भाग जेमतेम दिसला की थांबायचं. नेलकटर घसरत असेल तर जाड पॉलिश पेपरवर किंवा घरातल्या फरशीच्या खरखरीत बाजूवर ती कड घासा, तपकिरी रंग जाऊन फिकट ठिपका दिसेपर्यंत. मग साध्या पाण्यात १२ ते २४ तास.

दुसरी, गरम पाण्याची. बिया जास्त असतील तेव्हा सोयीची. पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं आणि मग ते पाणी वाटीतल्या बियांवर ओतायचं, बियांच्या चार-पाच पट पाणी असू द्या. तसंच झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं. बिया गॅसवर ठेवून उकळायच्या नाहीत! उकळलेलं बी फुगतं छान, पण मेलेलं असतं.

मोठ्या नर्सऱ्यांमध्ये तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बी ठेवून टरफल झिजवतात. पद्धत खरी आहे पण घरी अजिबात करू नका, डोळ्याला एक थेंब पुरे होतो.

*चेक करा:* २४ तासांनी बिया पाण्यातून काढून हातावर घ्या. ज्यात पाणी शिरलंय ते बी फुगून जवळपास दुप्पट झालेलं असतं, रंग फिकट होतो आणि दाबल्यावर किंचित मऊ लागतं. जे अजून छोटं, कडक आणि चकचकीत आहे त्यात काहीही गेलेलं नाही. ते पेरू नका, त्याला परत टवका काढा आणि परत भिजवा. फुगलेल्या बिया मात्र त्याच दिवशी पेरायच्या, पुन्हा वाळल्या की गेल्या.

पायरी ४: पेरणी

कुंडी नको, उंच पिशवी घ्या. बहाव्याचं सोटमूळ आधी खाली पळतं, वर दोन पानं दिसत असतात तेव्हा खाली मूळ कितीतरी पुढे गेलेलं असतं. त्यामुळे पसरट ट्रे, आईस्क्रीमचे डबे, चहाचे कप हे सगळं बाद. कमीत कमी ८-१० इंच उंचीची काळी पिशवी आणि तिला खालच्या भागात भोकं. दुधाच्या पिशव्या चालतात का असं खूप जण विचारतात. एक लिटरची धुतलेली चालते, अर्ध्या लिटरची लवकर अपुरी पडते.

मातीचं मिश्रण साधं, दोन भाग चाळलेली माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कच्चं शेण घालू नका, कोवळं मूळ भाजतं आणि हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. सगळं नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरायचा मोहही नको, पिशवी फाडताना गड्डा सुटून येतो आणि मुळं उघडी पडतात.

पिशवी आदल्या दिवशी भिजवून ठेवा. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल, आडवं ठेवायचं, वर मोकळी माती, हलकं दाबायचं. एका पिशवीत दोन बिया. जागा अशी की सकाळचं ऊन येईल आणि दुपारी सावली किंवा हिरवी नेट. पाणी झारीने, माती ओलसर राहील इतकंच.

फुगलेलं बी असेल आणि हवा गरम असेल तर साधारण एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पेरलं तर खूप रेंगाळतं, म्हणून मार्च-एप्रिल सांगितलंय.

आता तो वेगळा मार्ग. जागा पक्की असेल आणि कुंपण असेल तर पिशवीच नको, जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की तयार खड्ड्यातच टवका काढून फुगवलेल्या तीन-चार बिया लावा. सोटमुळाला कुठेच अडथळा येत नाही आणि असं झाड पुढे पाण्यावाचून जास्त तग धरतं. त्याची एकच अट, पहिली दोन वर्षं तण हाताने काढत राहावं लागतं, नाहीतर गवतात रोप हरवतं आणि मजूर खुरप्याने उडवतो.

पायरी ५: पिशवीतले पहिले महिने

दोन्ही बिया उगवल्या तर एक ठेवा. दुसरं उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं.

रोप चांगलं उभं असतं आणि अचानक मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं, तेव्हा तो रोपं कोलमडायचा रोग समजा. कारण बहुतेक वेळा एकच, जास्त पाणी आणि कोंदट जागा. पाणी कमी करा, पिशव्यांमध्ये अंतर ठेवा, मेलेलं रोप मातीसकट बाजूला टाका. पेरायच्या आधी मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळलेला असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

चार खरी पानं आली की नेट हळूहळू काढायची. बहाव्याला पूर्ण ऊन लागतं, सावलीत ठेवलेली रोपं उंच, बारीक आणि वाकडी होतात.

पिशव्या थेट जमिनीवर ठेवू नका. भोकातून मूळ खाली जमिनीत शिरतं आणि उचलताना तटकन तुटतं, मग आठ दिवसांत रोप माना टाकतं. खाली विटा किंवा जाड प्लास्टिक टाका आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागेवरून हलवा. भोकातून मूळ डोकावायला लागलं की मोठ्या पिशवीत हलवायची वेळ झाली. पहिली पिशवी साधारण तीन-चार महिने पुरते. मोठ्या पिशवीत हलवताना जुनी ब्लेडने चिरून काढा, रोप धरून ओढू नका.

*अजून एक गैरसमज:* शेंगेचं झाड म्हणजे मुळांवर गाठी येणार आणि नत्र स्वतःच मिळवणार, असं समजून लोक खत देत नाहीत किंवा रायझोबियम कल्चर (अशा गाठी आणणारे जिवाणू) लावतात. बहाव्याच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. त्याला शेणखत लागतं. महिन्याला मूठभर गांडूळखत रोपाला पुरे.

पायरी ६: पानं गळली म्हणजे रोप मेलं नाही

हे वेगळ्या पायरीत घेतोय कारण इथे जिवंत रोपं कचऱ्यात जातात. बहावा पानगळीचा आहे. थंडी संपता संपता पानं पिवळी पडतात, गळतात आणि नुसती काडी उरते. मोठ्या झाडाचं कोणाला काही वाटत नाही पण आपल्या पिशवीतल्या रोपाचं तसं झालं की घाबरून पाण्याचा मारा सुरू होतो, आणि पान नसलेलं रोप पाणी पीत नाही, मूळ कुजतं, मग ते खरंच मरतं.

नखाने खोडाची साल अगदी थोडी खरवडा. आत हिरवं आणि ओलं असेल तर जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर जरा खाली खरवडा, कधीकधी शेंडा वाळतो पण बुंधा जिवंत असतो. जिवंत असेल तर पाणी आठवड्यातून एकदा थोडंसं, खत बंद, आणि वाट बघायची. एप्रिलच्या आसपास तांबूस कोवळी पालवी फुटते.

पायरी ७: खड्डा आणि लावणी

जागा निवडताना मान वर करून बघा. बहावा दहा-पंधरा मीटरपर्यंत जाऊ शकतो, विजेच्या तारेखाली लावला तर दरवर्षी वायरमन त्याचा शेंडा छाटणार आणि तुम्ही हळहळणार. भिंतीपासून तीन-चार मीटर आणि दोन झाडांत पाच-सहा मीटर ठेवा. दिवसभर ऊन पाहिजे. इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत झाड जगेल पण फुलायला तरसवेल.

खड्डा एप्रिल-मे मध्येच, २×२×२ फूट, कडक मुरूम असेल तर ३ फूट. उन्हात पंधरा दिवस तापू द्या. भरताना वरची चांगली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. वाळवीचा त्रास असलेल्या जागी पेंड विसरू नका.

काळ्या मातीत खड्डा म्हणजे पावसात टाकी होते, पाणी साचून राहतं आणि बहाव्याला तेच सहन होत नाही. तिथे खड्डा भरून वर फूटभर उंचवटा करा आणि रोप उंचवट्यावर लावा. कोकणातल्या जांभ्या जमिनीत उलट प्रश्न, पाणी थांबत नाही, तिथे खड्डा मोठा आणि शेणखत जास्त.

लावणी दोन दमदार पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. त्याचा क्रम असा:

१. पिशवी आदल्या दिवशी भिजवा, म्हणजे गड्डा फुटत नाही.
२. ब्लेडने पिशवी उभी चिरा. तळाशी मुळं गोल फिरलेली दिसली तर तळाचा इंचभर थर मुळांसकट सरळ कापून टाका. जीव वर येतो हे करताना, पण करायचंच. गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावर आपोआप सरळ होत नाही.
३. रोप पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच खड्ड्यात ठेवा. खोड जास्त गाडलं तर साल कुजते.
४. माती भरा, पायाने हलकी दाबा, आळं करा.
५. काठी वाऱ्याच्या बाजूला, मुळाच्या गड्ड्यात न खुपसता रोवा, आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. वर्षाने सोडा, नाहीतर सुतळी खोडात रुतते.

नर्सरीतून तयार रोप आणत असाल तर

पानं मोजा. बहाव्याची पर्णिका (एका देठावर जोडीने येणारं छोटं पान) मोठी, जवळपास तळहाताएवढी होते आणि एका देठावर तिच्या साधारण चार ते आठ जोड्या असतात. बारीक बोटभर पर्णिकांच्या बऱ्याच जोड्या दिसल्या तर तो काशीद नावाचं दुसरं झाड असू शकतो, त्यालाही पिवळी फुलं येतात पण लोंबणारे घोस नाही येत. अगदी कोवळ्या रोपावर हा फरक कळत नाही, म्हणून निदान दोन फुटांचं रोप घ्या. आणि पिशवी उचलून बघा, जुनाट खोड आणि छोटी पिशवी असेल तर कितीही उंच असलं तरी नको.

फांदी लावून बहावा येतो का, तर घरच्या घरी फांद्यांना मुळं सुटणं अवघड आहे, बहुतेक काड्या पालवी दाखवतात आणि महिन्याभरात वाळतात. बी हाच रस्ता. जुन्या झाडाच्या मुळातून कधीकधी फुटवे येतात, ते पावसाळ्यात मुळासकट वेगळे करता येतात, पण सगळे जगतात असं नाही.

पायरी ८: जमिनीतली पहिली तीन वर्षं

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आठवड्याला एकदा १०-१५ लिटर, कडक उन्हाळ्यात दोनदा. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्या, रोजच्या शिडकाव्याने मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या वर्षी दहा-पंधरा दिवसांनी. तिसऱ्या वर्षापासून मे सोडला तर जवळजवळ बंद. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर, फक्त खोडाला टेकवू नका. दर जूनमध्ये दोन घमेली शेणखत. युरिया नको, नुसती पानं माजतात.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतील, पानाच्या शिरेला अशा चिकटून असतात की जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. त्या एमिग्रंट फुलपाखरांच्या असतात. फवारणी करू नका. दोन फुटाचं रोप असेल आणि एकही पान उरणार नाही असं वाटत असेल तर हाताने उचलून जवळच्या मोठ्या बहाव्यावर सोडा. मोठं झाड दोन आठवड्यांत परत हिरवं होतं.

पायरी ९: छाटणी आणि फुलांची वाट

पहिली तीन-चार वर्षं एकच सरळ खोड वाढू द्या. खालच्या फांद्या एकदम सगळ्या काढू नका, खोड बारीक राहून झाड वाऱ्याने झुकतं. दरवर्षी खालच्या दोन-तीन काढत जा, डोक्याच्या उंचीच्या वर गेलात की बास.

छाटणी फुलं संपल्यावर, म्हणजे जूनच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीत "झाड वाळलंय, आवरून घेऊ" म्हणून छाटतात आणि मग मे मध्ये फुलं का नाहीत म्हणून विचारतात, ज्या फांद्यांवर घोस येणार होते त्याच कापलेल्या असतात. शहरात मोठ्या फांद्या तोडायच्या असतील तर आधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या, झाड तुमच्या सोसायटीच्या आवारात असलं तरी.

बियांपासूनच्या झाडाला पहिलं फूल यायला साधारण पाच ते आठ वर्षं लागतात. आठ वर्षांनंतरही आलं नाही तर तीन गोष्टी तपासा. दिवसभर ऊन मिळतंय का, शेजारच्या लॉनचं पाणी आणि खत वर्षभर झाडाला जातंय का, आणि हिवाळ्यात कोणी छाटतंय का. लॉनवाल्या बहाव्यांचं बहुतेक वेळा हे पाणी-खताचंच कारण निघतं. अशा झाडाचं पाणी डिसेंबर ते मार्च पूर्ण तोडा, पानं गळू द्या. पहिल्या वर्षी चार-पाचच घोस आले तरी चालेल, पाणी तोडायचा नेम पुढच्या वर्षीही मोडू नका.